भुताच्या खटल्यात पोरीची साक्ष

आजकाल टीव्हीवर एक प्रकार निघाला आहे. अर्धा सिनेमा भुताचा, अर्धा कोर्टाचा. बाईच्या अंगात सैतान शिरतो, कुणीतरी मरतं, आणि मग काळ्या कोटातले वकील भांडतात, गुन्हा बाईचा की सैतानाचा. दुपारी जेवण झालं की मी आणि माझी पोरगी असे सिनेमे आवडीनं पाहतो. कोर्टातले दिवे विझतात, खिडक्या आपटतात, बाई भिंतीवर चढते. पोरगी हसते.

"बाबा, पंखे पाहा न ह्या कोर्टातले. आपल्या कोर्टात असा एक तरी होता काय?"

मी चौथीसुद्धा धड पास नाही. पण ह्या विषयात मला कुणी शिकवू नये. भुताचा खटला मी स्वतः लढलो आहे, आणि जिंकलो आहे.

वडनेरकडे माझी वांग्या-भेंडीची वाडी. पोरगी दिली होती जंगलाकडच्या एका गावात. लग्नानंतर तिला मिरगीचे झटके सुरू झाले. सासरच्यांनी ठरवलं की बाहेरचं लागलं. नेली भगताकडे. त्यानं तिच्या तोंडापुढं मिरच्यांची धुरी धरली, पाठीवर साखळी हाणली आणि विचारत राहिला, "बोल, कोण हाय तू? कोण्या विहिरीतली?" श्वास कोंडलेली पोरगी काय करणार? त्या गावात विहिरीत मेलेल्या एका बाईचं नाव तिनं घेतलं. झालं, भूत कबूल झालं म्हणून सगळे खूश.

मी गेलो, तिची पाठ पाहिली, आणि तिला घेऊन थेट पोलीस ठाण्यात गेलो.

आमच्या गावातले चार लोक घरी आले. "काका, आपसात मिटवून टाका. भगताच्या वाकड्यात काऊन जाता? पोट्टीची बदनामी होईन."

"पाठ तुमच्या पोरीची फुटली काय?" मी म्हणालो. "मंग चहा प्या आन् घरी जा."

त्यांनी चहा पिला. समजूत घालायला पुन्हा कुणी आलं नाही.

मिटवणं माझ्या रक्तात नाही. पण भीती मलाही होती, ती वेगळी. भगत जामिनावर सुटला होता आणि बाजारात उघड सांगत फिरत होता, "उभी तर राहू द्या तिले कोर्टात. तिथंच अंगात येऊन खेळायले लागन. साहेब आपल्या डोळ्यानं पाह्यतीन." गोळ्यांनी झटके कमी झाले होते, बंद झाले नव्हते. कोर्टात झटका आला, तर पोरीच्या शब्दाला काडीची किंमत राहणार नव्हती. जन्मभर ती भुताची बाई म्हणूनच राहिली असती.

पेशीच्या, म्हणजे कोर्टातल्या तारखेच्या, आदल्या रात्री ती झोपली नाही. जागरण झालं की झटका येतो, हे वर्ध्याच्या डॉक्टरनं बजावलं होतं. मी म्हटलं, "माय, पुढची तारीख मागू." ती म्हणाली, "बाबा, वेणी घालून झाली माही. चाला."

कोर्टात भगताचा वकील मोठा गोड बोलायचा. त्याचं म्हणणं असं, की त्याचा माणूस अडाणी, श्रद्धाळू. मिरगी म्हणजे काय, हे त्या बिचाऱ्याला ठाऊकच नाही. भूत आहे असं समजून त्यानं भल्यासाठी केलं. शिवाय बाईनं स्वतःच्या तोंडानं दुसरं नाव सांगितलं होतं, मग आज ती बोलेल ते कुणाचं धरायचं?

पोरगी कठड्यात उभी होती. साखळीपर्यंत सांगून झालं होतं. तेवढ्यात तिचा हात कठड्यावर खडखड वाजायला लागला, मान वळली आणि ती खाली गेली.

आता आमच्याकडची एक रीत सांगतो. मिरगी आली की पायातली चप्पल काढून नाकाला लावतात. घरोघरी हेच. भुताला मिरच्या, मिरगीला चप्पल, ह्यात गल्लत कुणी करत नाही. डॉक्टर म्हणतो चपलेनं काही होत नाही, पण हात आपोआप पायाकडे जातो.

पोरगी पडली तशी मागच्या बाकावरून भगत उठला आणि सगळ्यांच्या आधी ओरडला, "अरे चप्पल! चप्पल हुंगवा तिले, मिरगी हाय ते!" नुसता ओरडला नाही, स्वतःची काढून हातात धरली.

मी तोवर कठड्यात पोहोचलो होतो. "खबरदार, चप्पल आणशीन तर," म्हणालो आणि तिला कुशीवर वळवली, पदर सैल केला, डोक्याखाली माझ्या खांद्यावरचा दुपट्टा घातला. मान वर केली तर भगत चप्पल हातात घेऊन तसाच उभा. त्याचा वकील कपाळ चोळत होता.

सरकारी वकील म्हणाले, "साहेब, आरोपी आत्ता काय बोलला ते लिहून घ्यावं."

साहेबांनी ते टाइप करणाऱ्या बाईंना शब्दनशब्द सांगितलं. चपलेसकट.

थोड्या वेळानं पोरीनं डोळे उघडले. तोंड पुसलं, पाणी पिली. साहेब भला माणूस. म्हणाले, "बाई, तुम्ही आज घरी जा. उरलेली साक्ष पुढच्या तारखेला घेऊ."

मी होच म्हणणार होतो. तिनं माझा हात बाजूला केला आणि कठडा धरून उभी राहिली.

"नाई साहेब. आजच घ्या. मी कुठवर सांगतलं होतं?"

"साखळीपर्यंत," टाइपवाल्या बाई म्हणाल्या.

मग तिनं उरलेलं सगळं सांगितलं. भगताच्या वकिलानं पुन्हा त्या विहिरीतल्या बाईचं नाव काढलं, तेव्हा म्हणाली, "वकीलसाहेब, तुम्ही ते धुरी घेतली असती, तर तुम्हीबी तिचंच नाव घेतलं असतं." शेजारी खुर्ची ठेवली होती. शेवटपर्यंत बसली नाही.

बाहेर आलो तर घरून बायकोचा फोन. ती घाबरलेली. "काय झालं वो? झटका आला काय पोरीले?"

"आला," मी म्हणालो. आजूबाजूला पेशीला आलेली माणसं उभी होती, त्यांनाही ऐकू जाईल इतक्या जोरात म्हणालो, "आला आन् गेला. साक्ष देल्ली तिनं. पुरी देल्ली."