कचऱ्याचा वार

नवऱ्याच्या नोकरीमागोमाग मी जपानात ओजिमाला राहायला गेले. दोन वर्षं जपानी भाषेचे वर्ग केले आणि मग एका लहानशा कंपनीत अर्धवेळ कामाला लागले. ही कंपनी नगर कार्यालयांच्या वेबसाइट बनवायची. अपंगांना वापरता येतील अशी पानं करायची, हे तेव्हा नुकतंच सगळ्यांच्या तोंडी झालं होतं. आमच्याकडे त्याचं घोषवाक्य चौकटीत घालून भिंतीवर लावलं होतं, इतक्या वळणदार अक्षरांत की डोळसांनाही ते वाचता येत नसे.

अंध माणसाला संगणक पान वाचून दाखवतो. चित्र आलं की त्याच्यामागे लिहून ठेवलेला मजकूर बोलतो. तसा मजकूर प्रत्येक चित्रामागे आहे का, एवढं मी पाहायचं. खरं तर ते एक प्रोग्रॅमच पाही. तो हो म्हणाला की मी कागदावर गोल काढायची. तिकडे बरोबरची खूण म्हणजे गोल.

एका वॉर्डाची वेबसाइट अशी गोलांनी भरली आणि वॉर्ड कार्यालयाकडे सोपवण्याआधी एका अंध गृहस्थांना बोलावलं गेलं. ते त्याच वॉर्डात राहत, सुया टोचण्याचा आणि मालिशचा दवाखाना चालवत, म्हणून तिकडे डॉक्टरांना आणि मास्तरांना म्हणतात तसं सगळे त्यांना सेन्सेई म्हणत. आमच्या विभागप्रमुखांनी चहा दिला आणि चहा निवेपर्यंत आभार मानले. सेन्सेई म्हणाले, मला फक्त कचऱ्याचं पान ऐकायचंय.

जळणारा कचरा, न जळणारा, बाटल्या, रद्दी, प्रत्येकाचा वार वेगळा. वार चुकला की पिशवी तिथेच राहते आणि तिच्यावर चिठ्ठी चिकटते. एप्रिलपासून वार बदलले होते. सेन्सेईंची पिशवी दोनदा मागे राहिली होती. चिठ्ठी त्यांना दिसणार कशी? शेजारच्या बाईंनी ती वाचून दाखवली आणि पिशवी दारात आणून ठेवली. आता इमारतीच्या मंडळाने ठरवलं होतं की पुढच्या महिन्यापासून सेन्सेईंचा कचरा त्या बाईच नेतील.

"फार चांगल्या आहेत हो त्या," सेन्सेई म्हणाले. "पण मी काय खातो आणि काय फेकतो, हे मला कुणाला दाखवायचं नाहीये."

मी पान सुरू केलं. संगणकाची बाई गोड आवाजात बोलू लागली. आपण नेहमी करत असलेल्या सहकार्याबद्दल आम्ही मनःपूर्वक ऋणी आहोत. हे कचरा संकलनाच्या तक्त्याचे चित्र आहे. कृपया रंग पाहून आपला वार जाणून घ्यावा, ही नम्र विनंती.

तो मजकूर विभागप्रमुखांनी स्वतः लिहिला होता. प्रोग्रॅमने त्याला पूर्ण गुण दिले होते आणि मी गोल काढला होता.

सेन्सेईंनी गुडघ्यांवरचे हात हलवले नाहीत. "जळणाऱ्याचा रंग कुठला?" त्यांनी विचारलं.

"लाल," विभागप्रमुख लगेच म्हणाले.

"आणि आमच्या भागात लाल कुठल्या वारी?"

विभागप्रमुख पडद्याकडे वाकले. चष्मा वर केला, खाली केला. भाग बरेच होते आणि लालसुद्धा दोन प्रकारचे होते. शेवटी ते म्हणाले, चौकशी करून कळवतो.

पान नव्याने लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण बाकीचे सोपवण्याच्या समारंभाच्या तयारीत होते. तक्त्यातला एकेक भाग घेऊन मी लिहीत गेले. जळणारा कचरा : मंगळवार, शुक्रवार. सकाळी आठच्या आत. नम्र विनंती करण्याइतकं जपानी मला येत नव्हतं. विभागप्रमुखांना ते फार उद्धट वाटलं. मी म्हटलं, सेन्सेईंना विचारू या. सेन्सेईंनी फोनवर ऐकलं आणि म्हणाले, "कळलं. याला हात लावू नका." विभागप्रमुखांनी हात लावला, पण फक्त तळाशी. आभार आणि ऋण तिथे गेले.

महिना संपायच्या आत मी सेन्सेईंना फोन केला. शुक्रवारची पिशवी गेली होती, मंगळवारचीही. मंडळाने आपला ठराव गुपचूप मागे घेतला होता.

"आणि शेजारच्या बाई?" मी विचारलं.

"जरा रागावल्यात," ते म्हणाले. त्यांचा आवाज खूश होता.