फोकलेलं न्हाई, पेरलेलं

आमच्या कडा गावचा धोंडीराम म्हणजे पोळ्याला दारोदार भिंतीवर गेरूनं बैल काढणारा माणूस. एक खूर वाकडा आला तर अख्खा बैल पुसायचा, घरधनी ताटकळला तरी.

निजामाच्या अमदानीत, फसली तेराशे पंचेचाळीसच्या म्हणजे इंग्रजी १९३५च्या सुमाराला कांद्याचा वाण तपासायला एक साहेब गावाबाहेर तंबू ठोकून राहिले. त्यांना खुर्दबिनीत, म्हणजे सूक्ष्मदर्शकात, दिसेल ते कागदावर उतरवणारा हात हवा होता. लोकांनी धोंडीरामाला पुढं केलं. चित्र हैदराबादच्या प्रदर्शनात लागणार होतं, खाली त्याच्या नावासकट. आपलं नाव लिहिता यावं एवढ्यासाठी गडी महिनाभर गिरवत बसला.

साहेब पाण्यावर धरलेल्या कांद्याला मुळ्या फुटू देत, शेंड्याचे पातळ काप करून लाल रंगवत. नळीला डोळा लावला की इवल्या घरांच्या रांगा दिसत. प्रत्येक घरात गोल गाभा, आणि घर दुभंगायच्या बेतात आलं की गाभ्यात लाल धागे. वाणाचे गुण या धाग्यांतच असतात, असं साहेब सांगत. पण धागे आत कसेही कोंबलेले असतात, तेव्हा नुसता गुंता रेखाट, असा त्यांचा हुकूम.

धोंडीरामानं आठ दिवसांत शंभरावर घरं पाहिली. बहुतेकांत धाग्यांचे वाक एका अंगाला, मोकळी टोकं दुसऱ्या अंगाला. त्यानं तसंच काढलं, खाली आपलं नाव घातलं.

साहेब हसले. बैल रंगवणाऱ्यानं आपल्याला इलम शिकवू नये म्हणाले.

"साहेब, मुठीनं फोकलेलं बी कुठंबी पडतं. पाभरीनं पेरलेलं तासात, वळीनं पडतं, मंग बांधावरनं रान कितीबी गचपन दिसू द्या. हे फोकलेलं न्हाई, पेरलेलं हाय."

"कुणी पेरलं?"

"ते मला काय ठावं? तास तेवढे दिसत्यात."

साहेबांनी रबर पुढं सरकवलं. गुंता रेखाटायचा, नाहीतर चित्राखाली नाव नाही. भाकरी घेऊन तंबूच्या दारात उभी असलेली त्याची बायको साखराबाई डोळ्यांनी विनवत होती, खोडा की एकदाचं.

धोंडीरामानं रबर उचललं आणि आपलं नाव खोडलं.

"नाव माझं व्हतं, पुसलं. धागे माझे न्हाईत."

साहेबांना दुसरा हात मिळेना. चित्र तसंच हैदराबादला गेलं, बिननावाचं.

पुढच्या पोळ्याला धोंडीरामानं गावभर बैल काढले, स्वतःच्या भिंतीवर मात्र चाकाएवढा गाभा काढला. वाक एका अंगाला, टोकं दुसऱ्या अंगाला, आणि खाली परातीएवढ्या अक्षरांत नाव. येणारा-जाणारा थबकून विचारी, बैल सोडून हे काय काढलं रं?

"कांदा हाय," तो म्हणे. "नीट बघ."