फुकटचा चार्जर

माझ्या व्याह्यांइतका हट्टी माणूस अख्ख्या इंदुरात सापडणार नाही. सापडायचाच तर राऊला जावं लागेल, कारण ते राहतात तिथं. माझ्या सुनेचे हे वडील. आयुष्यभर बसच्या डेपोत गाड्या दुरुस्त केल्या आणि डोक्यात एखादी गोष्ट बसली की ती नट आवळल्यासारखी बसायची. लग्नाच्या मांडवातच त्यांनी मला सांगून टाकलं, "विहीणबाई, नातवंड होईपर्यंत लेकीच्या घरचं पाणी पिणार नाही. आमच्यात तसंच आहे." मी म्हटलं, "आमच्यातही तसंच होतं. पण माझ्या वडिलांनी दुसऱ्या महिन्यात चहा घेतला. उन्हाळा होता." ते म्हणाले, "उन्हाळा दर वर्षी येतो."

तेव्हापासून दर रविवारी ते आमच्याकडे येत ते पिकनिकला आल्यासारखे. एका पिशवीत पाण्याची बाटली, दुसरीत चहाचा थर्मास, खिशात शेवेची पुडी. आम्ही समोर बसून पोहे-जलेबी खायचो आणि हे आपली पुडी सोडून एकेक शेव मोजल्यासारखी तोंडात टाकायचे. एकदा शेवेचा ठसका लागला. बाटली गाडीत राहिली होती. सून पाण्याचा पेला घेऊन मागे धावतेय आणि हे खोकत खोकत जिना उतरताहेत, सगळी गल्ली बाहेर येऊन बघतेय. पंख्याचंही तेच. पंखा आधीपासून चालू असला तर त्याखाली बसायचे. त्यांच्यासाठी म्हणून मी बटण दाबलं, की खुर्ची सरकवून कोपऱ्यात. "तुमची वीज माझ्यासाठी खर्च नको." मला असल्या माणसाचा राग येतो. पण खोटं कशाला बोलू, पुढच्या रविवारी ते यायच्या आधीच मी पंखा लावून ठेवू लागले.

त्यांच्या बायकोला पेट्रोलच्या वासानं ओकारी व्हायची. त्यामुळे ती बिचारी जन्मभर कुठं गेली नाही, मानपुरला भावाकडे जायचं तरी ओंजळभर लिंबं घेऊन बसायची. ती गेली, आणि दोन वर्षांनी यांनी विजेवरची गाडी घेतली. मी तोंडावर म्हटलं, "ती असताना घ्यायची होती." ते म्हणाले, "तेव्हा निघाली नव्हती." गाडी मात्र चांगली होती, आवाज नाही, वास नाही. घरच्या बोर्डाला लावली की फ्यूज उडायचा, म्हणून हे हायवेवरच्या एका ढाब्याशेजारी चार्जिंगला जायचे आणि दोन-दोन तास पेपर वाचत बसायचे. जाहिराती संपल्या की मृत्यूच्या बातम्याही वाचायचे.

मग माझ्या सुनेला दिवस गेले आणि तिलाही आईसारखीच पेट्रोलच्या वासानं ओकारी होऊ लागली. आमच्या गाडीत पाय ठेवेना. व्याह्यांना जोर चढला. रविवारी आले ते बसलेही नाहीत. "पहिलं बाळंतपण माहेरी. माझ्या गाडीतून नेणार."

मी सरळ म्हटलं, "घरात बाईमाणूस नाही. कुठल्या माहेरी नेणार?"

"मी आहे ना."

"तुम्ही तेल लावणार का बाळाला?"

"इंजिनाला चाळीस वर्षं लावलं."

सून हसली, पण तिचे डोळे भरले होते. आई नाही म्हणून माहेरही गेलं, असं तिला वाटू द्यायचं नव्हतं त्यांना. ते मला कळलं होतं. पण भावनेवर बाळंतपणं होत नाहीत. मी अट घातली, "ऐन वेळी दवाखान्यात न्यायचं आणि गाडी ढाब्यावर उभी, हे मला चालणार नाही. सातवा महिना संपायच्या आत घरी चार्जर लावा. नाही लावला तर ती इथंच राहील." ते म्हणाले, "लावतो. गाडीबरोबर फुकट मिळालाय."

हे फुकट त्यांनी राऊमध्ये इतक्या लोकांना सांगितलं होतं, की पुढची फजिती बघायलाही तेवढेच लोक जमले. इलेक्ट्रिशियननं घरातला बोर्ड उघडला आणि हात जोडले. "अंकलजी, ये तार तो पंखे को ही रोते-रोते चला रहा है. इसपे चार्जर टाँगा तो पूरी कॉलोनी की दिवाली हो जाएगी." आता व्याह्यांचा नियम असा, की कुठल्याही कामाचा भाव तिघांना विचारायचा. हजामतसुद्धा तीन दुकानं हिंडून करायचे. त्यांनी दुसऱ्याला बोलावलं, त्यानं जास्त सांगितले. तिसऱ्यानं त्याहून जास्त. परत पहिल्याकडे गेले, तर तोवर त्यानंही वाढवले. "क्या करूँ भिया, तांबा महँगा हो गया," म्हणाला. घराचा लोड वाढवायचा अर्ज वेगळा, मीटरपासूनची जाड तार वेगळी, बटणांची पेटी वेगळी. वर अर्थिंगचा खड्डा. त्यात मीठ आणि कोळसा भरतात म्हणे. यांनी मला फोन केला, "विहीणबाई, खडं मीठ कुठलं चांगलं?" मी म्हटलं, "लोणचं घालताय की चार्जर?"

खड्डा मीटरजवळ खणला असता तर तार थोडी लागली असती. पण तिथं त्यांच्या बायकोनं लावलेला मोगरा होता. इलेक्ट्रिशियन म्हणाला, मोगरा हलवू. हे म्हणाले, तार हलव. सगळं घराच्या मागून फिरवून आणलं आणि फुकटचा चार्जर छप्पन्न हजारांना पडला. घराच्या रंगासाठी ठेवलेले पैसे त्यात गेले. अर्धे आम्ही देतो म्हणून मी मुलाला पाठवलं, तर त्याला दारातूनच परत पाठवलं. "लेकीच्या सासरचा पैसा माझ्या भिंतीत नको. त्यापेक्षा बैलगाडी आणीन."

सातवा महिना संपायला चार दिवस होते तेव्हा ते न्यायला आले. हात काळे, दाढी वाढलेली. आल्या आल्या मला खाली नेलं आणि गाडीतला आकडा दाखवला. शंभर. मी चष्मा पुसून तो दोनदा पाहिला. मग वर गेले, सुनेची पेटी भरली आणि शेजारी माझी पिशवी ठेवली. ते बघतच राहिले. "तुम्ही कुठं?"

"माहेरी बाईमाणूस नको का? आणि मुलाच्या आईला तुमच्याकडचं पाणी चालतं. मी काही बाटली घेऊन येणार नाही."

अडीच महिने मी राऊला राहिले. पोपडे आलेल्या त्या भिंतीवर तो चकचकीत डबा नवऱ्या मुलासारखा दिसायचा. व्याही रोज सकाळी त्याला फडक्यानं पुसायचे, गाडी कुठं गेलेली नसली तरी तार लावून हिरवा दिवा बघायचे, आणि मग मोगऱ्याला पाणी घालायचे. एका दुपारी पानं वाढली होती, आमटी वाफाळत होती, आणि सुनेला कळा सुरू झाल्या. हे भरल्या पानावरून उठले. सारा रस्ता मी त्यांना हळू चालवा म्हणत होते आणि ते म्हणत होते, "आवाज येत नाही म्हणून तुम्हाला जोरात वाटतंय." संध्याकाळी नात झाली.

सून परत आमच्याकडे आली त्या रविवारी व्याही बाटली, थर्मास, पुडी यातलं काहीही न घेता आले. मी स्टीलच्या पेल्यात पाणी दिलं. ते सावकाश, थांबून थांबून प्यायले. पेला खाली ठेवून म्हणाले, "विहीणबाई, पंधरा अँपियरचा पॉइंट आहे का तुमच्याकडे?"

तेव्हापासून दर रविवारी त्यांची तार आमच्या खिडकीतून खाली लोंबते. साध्या पॉइंटवर गाडी भरायला अख्खा दिवस जातो. राऊ अर्ध्या तासावर, घरी छप्पन्न हजारांचा चार्जर, तरी आमच्या दारात येताना गाडी दर वेळी रिकामी कशी, हे मी विचारत नाही. ते नातीला मांडीवर घेऊन पंख्याखाली बसतात. गाडी भरली की उठतात, पायांत चपला घालतात, परत येऊन तिची पावलं हातात धरून बघतात आणि राऊच्या त्या रिकाम्या घरी जातात.

गेल्या रविवारी मी स्वयंपाकघरात जाता जाता पॉइंटचं बटण तासभर बंद करून ठेवलं. गाडी भरायला दिवेलागण झाली. त्यांनी एकदा खिडकीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि नातीला दुसऱ्या मांडीवर घेतलं.