दौलतचा तांबडा माउथपीस

दौलत गेल्याची बातमी आली तेव्हा माझ्या खुर्चीत एक पेशंट आ वासून बसलेला होता. फोन नागपुरातल्याच नंदनवन वस्तीतून, दौलतच्या मेहुण्याचा. सकाळी चहा घेतला, छातीत दुखतंय म्हणाला आणि धंतोलीतल्या हॉस्पिटलात आणेपर्यंत सगळं संपलं... मी फोन ठेवला, पेशंटच्या दाढेत सिमेंट भरलं, दोन तास काही खाऊ नका म्हणून बजावलं आणि मग हात धुतले. हे कुणाला कोरडेपणाचं वाटेल. पण कोरलेली दाढ तशीच उघडी टाकून मी रडत बसलो असतो, तर दौलतनंच मला झापलं असतं. वरातीत नवरदेवाचा घोडा उधळला तरी सॅक्सोफोन तोंडातून काढायचा नाही, असा तो माणूस. त्याला जाऊन आता महिना उलटला. त्याच्याबद्दल लिहायला बसलो की मला आधी त्याचा माउथपीसच आठवतो.

दौलत गजभिये माझा शाळेपासूनचा मित्र. त्याच्या वडिलांनी धम्मदीक्षा घेतल्यावर गावची हलगी कायमची खाली ठेवली होती, त्यामुळे पोरानं पुन्हा वाजवायचंच काम धरावं हे त्यांना बिलकूल मान्य नव्हतं. "त्यांची हलगी हुकमाची होती, मी शिकून वाजवून राहिलो," असं दौलत म्हणे, आणि ते खरंच होतं. कामठीच्या पीटर मास्टरकडे सायकल मारत जाऊन तो नोटेशन वाचायला शिकला. मास्टर मूळचे पलटणीच्या बँडमधले, शिस्तीचे, मिशीला कोकम तेल लावणारे. एकोणीसशे साठ-बासष्टच्या सुमारास मास्टर वारले, तेव्हा त्यांचा सॅक्सोफोन आणि त्यावरचा माउथपीस दौलतकडे आला.

माउथपीस म्हणजे सॅक्सोफोनची चोच. त्याला खालून बोरूची पातळ पट्टी, म्हणजे रीड बांधतात आणि वरून पुढचे दात टेकवतात. बाकीच्यांचे माउथपीस काळे असत, हा जुन्या विटेसारखा तांबडा होता. कंपनीचं नाव नाही, आकडा नाही. आणि वर, जिथं दात टेकायचे तिथंच, एक रुंद उथळ खळगा. दौलतनं त्यात लाख ओतून वर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवला होता. मास्टरनं इतकी वर्षं चावून चावून खळगा पाडला, अशी त्याची समजूत. रंगाबद्दल मात्र ज्याला त्याला वेगळी माहिती होती. कामठीवाले म्हणत, इंग्रज बँडमास्टरनं जाताना दिलेला आहे. मुंबईचा एक गोवेकर वादक कार्यक्रमाला आला होता, तो म्हणाला हा फ्रान्सचा, फार जुना, आता मिळणार नाही. एकानं तर रंगवलेला हस्तिदंत ठरवला. दौलतला फ्रान्स आवडलं. लग्नाची सुपारी घेताना वधूपित्यालासुद्धा तो ते ऐकवायचा, जणू त्यामुळे मुलगी सुखात राहणार होती.

चाळिशी ओलांडल्यावर त्याचे पुढचे दात हलायला लागले. पायोरिया. मी औषधं दिली, हिरड्या साफ केल्या, तंबाखूवरून शिव्या घातल्या. शेवटी सांगावंच लागलं की वरचे सगळे काढल्याशिवाय गत्यंतर नाही. तो खुर्चीतून उठला. "दात गेले तं वाजवनं गेलं. मंग मी काय करू, झांजा वाजवू?" मी म्हटलं कवळी बसवून देतो. तर म्हणाला, बँडमधल्या एका क्लॅरिनेटवाल्याची कवळी भर वरातीत घोड्याच्या पायाशी पडली होती. त्यानंतर तो दोन महिने फिरकलाच नाही. नंदनवनला त्याच्या घरी गेलो तर वहिनी, म्हणजे त्याची बायको शांता, दारातच म्हणाल्या, "भाऊजी, हे रात्रभर गाल धरून बसते, अन् सकाळी पोट्ट्यांले शिकवाले जाते. तुम्हीच समजवा यांले."

तो आला, पण दातांसाठी नाही. खळग्यावरचा तुकडा झिजून लाखेची कड ओठाला कापत होती, ती माझ्या मशीनवर घासून हवी होती. कवळ्या घासायचं चाक सुरू करून मी माउथपीस धरला. लाखेबरोबर खालचं अंगही जरा घासलं गेलं आणि वास आला... गंधकाचा, जळक्या रबराचा. मी चाक थांबवलं. तो वास मला ओळखीचा होता. हल्लीच्या कवळ्या प्लास्टिकच्या असतात, पण जुने लोक पूर्वीची लाल रबराची कवळी दुरुस्तीला आणत, ती घासली की हाच वास खोलीभर व्हायचा. जिथं घासलं होतं तिथं आतला रंगही वरच्यापेक्षा गुलाबी निघाला. मी दौलतला म्हटलं, "हा फ्रान्सचा नाही. हा कुण्या दातवाल्यानं केला आहे."

तो रागावला. इतका, की माउथपीस हातातून ओढून खिशात घातला. पण त्याला तसाच घेऊन मी दोन गल्ल्या पलीकडे आबासाहेबांकडे गेलो. माझा धंतोलीतला दवाखाना पूर्वी आबासाहेबांचा. नागपुरात रबर शिजवून कवळ्या करणारे ते जुन्यांतले एक, तेव्हा ऐंशीच्या घरात होते. त्यांनी माउथपीस डोळ्यांजवळ नेला, नखानं लाख उकरली, खळग्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "हा तर कामठीचा पीटर. त्याचे वरचे सगळे दात मी काढले होते. कवळी दिली, पण फुंकायला लागला की ती खाली यायची. मग म्हटलं, कवळी ऐकत नाही तर वाद्यच हिरडीवर बसवू. त्याच्या काळ्या माउथपीसचा साचा घेतला, वर मेणात हिरडीचा ठसा घेतला आणि कवळीसारखाच रबरात शिजवून काढला. तिसऱ्या खेपेला जमला."

दौलतनं तो परत हातात घेऊन उलटापालटा करून पाहिला. मग म्हणाला, "म्हंजे डॉक्टर, मी इतके वर्सं कवळी वाजवून राहिलो?" आबासाहेब हसता हसता खोकायला लागले, त्यांना पाणी द्यावं लागलं.

फाटकाबाहेर आल्यावर मात्र त्याचा चेहरा बदलला. "मास्टर वाजवाच्या आधी भिंतीकडं तोंड करे गा. आम्ही समजे, येशूले आठवून राहिला. मी बी तेच करतो. माहे पोट्टे बी करते. अन् तो दात काढून खिशात ठेवत होता!" मी हसलो, तो नाही. "मले सांगितलं काहून नाही त्यानं? मी तं पोरासारखा होतो." मी त्याला माझ्या धंद्यातली गोष्ट सांगितली : कवळी लावणारा माणूस बायकोपासूनही ती लपवतो, तर शिष्याला कशी दाखवणार? ते त्याला पटलं असावं. थोडं चालून तो एकदम थांबला. "मी त्याचा जो सूर ऐकला, तो सारा बिनदाताचाच होता म्हना की." मी म्हटलं, हो. "मंग काढ. उद्याच काढ."

उद्या नाही, पण त्या आठवड्यापासून आम्ही एकेक करून काढले. जखमा भरल्यावर लाख पूर्ण उकरून खळगा मोकळा केला. मास्टरची हिरडी अरुंद, दौलतची रुंद, म्हणून कडा कानशीनं जराशा उतरवल्या. सुरुवातीला नुसतं कोंबडं पिळल्यासारखं निघायचं. हिरडी सोलवटायची, तो मिठाच्या गुळण्या करायचा आणि पुन्हा बसायचा. त्यातच मोठी सुपारी आली, तर म्हणाला, "दात होते तं चने नव्हते, आता चने आले तं दात नाही." लग्नाचा तो हंगाम बुडाला. पण पुढच्या वर्षी जयंतीच्या मिरवणुकीत तो उभा राहिला, भिंतीकडे तोंड केलं, मी करून दिलेली कवळी शर्टाच्या खिशात टाकली आणि वाजवायला लागला. सूर पहिल्यापेक्षा जाड आणि थोडा बसका झाला होता. काही लोक म्हणाले, दौलत उतरला. मला तो सूर जास्त आवडायचा. मी गर्दीत उभा होतो आणि माझे डोळे भरून आले होते, हे त्याला मी कधी सांगितलं नाही. त्यानंतर तो मरेपर्यंत वाजवत होता. फ्रान्सचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायचा, "बर्डीच्या पल्याड, धंतोलीत झाला हा."

गेल्या आठवड्यात वहिनी दवाखान्यात आल्या. रुमालात माउथपीस होता. दौलतच्या सगळ्या शिष्यांनी तो लावून पाहिला, एकालाही जमेना. वरचे दात खळग्याच्या कडेवर अडतात. "साऱ्याइचे दात धड हायेत, भाऊजी. सॅक्सोफोन पोट्ट्यांले देल्ला. हे तुमच्यापाशीच ठेवा," असं म्हणून त्यांनी तो टेबलावर ठेवला. मग त्या उठल्या.

दुपारी पेशंट संपल्यावर मी तो धुतला. मला वाजवता येत नाही, कधी आलंही नाही. तरी तोंडाला लावला. रबराची चव लागली, तंबाखूचीही असेल... वरचे दात कडेवर टेकले आणि तो पुढं जाईना. बत्तीसच्या बत्तीस दात मी जपून ठेवले आहेत, लोकांनाही जन्मभर तेच सांगत आलो. त्या दुपारी पहिल्यांदाच मला माझ्या दातांची अडचण झाली.