धावती लय

सकाळी चहाचा कप ओठांशी नेला की बोटांना तारेचा वास येतो. आमच्या रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत खिडकीचे गज टिकत नाहीत, तिथे गिटारच्या तारांची काय कथा. महिना उलटत नाही तोच त्या काळवंडतात, आणि तो कडवट, धातूचा वास डाव्या हाताच्या बोटांच्या टोकांत असा मुरून बसतो की लिंबू चोळूनही जात नाही. यंदाच्या माघात अंगणातून काजूच्या मोहोराचा उग्र-गोड गंध येत होता, कोवळं ऊन ओटीवर हलकेच सरकत होतं, आणि अशा प्रसन्न प्रहरी मी मात्र रोज धुमसत बसलेली असे. साठीला टेकलेल्या बाईने हे लचांड गळ्यात अडकवून घ्यावं असं सांगितलं होतं कुणी?

दादाने. माझा थोरला भाऊ. उभं आयुष्य जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढून तो निवृत्त झाला आणि वहिनी गेल्यावर मिरजोळ्याला माझ्याकडे राहायला आला, तो एक ट्रंक आणि एक गिटार घेऊन. बोटीवरच्या एका फिलिपिनो सोबत्याने त्याला ती शिकवली होती. ब्लूग्रास म्हणतात त्या संगीताला; अमेरिकेतल्या डोंगराळ मुलखातलं. अंगठा आणि तर्जनीत धरलेली पिक, म्हणजे तारा छेडायची छोटी चकती, खाली-वर, खाली-वर अखंड फिरत राहते. खर्जाचा एक सूर, मागोमाग सगळ्या तारांवरून एक झटका, पुन्हा खर्ज, पुन्हा झटका, आणि त्यांच्या फटींतून चाल अलगद निसटत जाते. दादा तिन्हीसांजेला वाजवायला बसला की मी हातातलं काम टाकून ऐकत राही. कधीही न पाहिलेल्या त्या डोंगरांची मला ओढ लागे.

मग त्याचा उजवा हात थरथरू लागला. कंपवात. गोळ्या सुरू झाल्या, व्यायाम झाले, पण पिक बोटांत ठरेना. गेल्या पावसाळ्यात एका दुपारी त्याने गिटार उचलून माझ्या मांडीवर ठेवली आणि तो म्हणाला, "तू शीक. मी रोज तिन्हीसांजेला वाजवायचो ती चाल मला एकदा अख्खी ऐकायची आहे. तुझ्या हातात लय आहे गो."

लय होती, तीच नडली. तरुणपणापासून मी बायकांच्या भजनात झांज वाजवते. आमचं भजन संथ सुरू होतं, हळूहळू पखवाज तापतो, झांजा चढतात, आणि गजराला येईतो लय दुप्पट झालेली असते. वाढव असं कुणी कुणाला सांगत नाही; ती वाढली नाही तरच बायका एकमेकींकडे बघतात. भजन रंगणं म्हणजे आमच्या लेखी लय चढणं. दादाच्या संगीतात मात्र पहिल्या सुराला जी गती धरली तीच शेवटच्या सुरापर्यंत, तसूभर कमी नाही की जास्त नाही. मी चालीच्या मध्यावर आले की माझा हात आपोआप पंढरीच्या वाटेला लागे. मग दादाच्या खुर्चीतून आवाज येई, "धावू नकोस गो! गजर नाय हा!"

मी थांबे, पहिल्यापासून धरी, पुन्हा धावे. भ्रमणध्वनीत टिकटिक करणारं यंत्र लावून पाहिलं. त्याला मागे टाकून मी केव्हाच पुढे गेलेली असे. डाव्या हाताच्या बोटांना घट्टे पडले, मनगट ठणकू लागलं, आणि मला माझ्या हाताचा खरोखर संताप आला. चाळीस वर्षं ज्याचं कौतुक ऐकलं तोच हात आता हट्टी गाढवासारखा वागत होता. दादाचाही राग येई. कितीदा तरी मी गिटार दिवाणावर टाकून स्वयंपाकघरात जाई आणि भांडी आपटत राही. मागून त्याचा खणखणीत आवाज येई, "ये परत! मधल्या झटक्याला हात सैल सोड!" त्या आवाजाला कंप नसे. माझ्या चुकांवर ओरडताना तो खुर्चीत ताठ बसे, पायाने ठेका धरी, जेवायलाही दोन घास जास्त घेई. मला ते तेव्हा दिसत होतं, पण मी रागाच्या भरात होते.

फाल्गुनात एका सकाळी मी ओले काजूगर सोलायला बसले होते. त्यांच्या चिकाने बोटं चुरचुरत होती, मनगट शिणलं होतं. तशाच हातांनी मी गिटार घेतली, काही साधायची आशा न ठेवता. दमलेल्या हाताला धावायचं बळ नव्हतं. मध्य आला आणि गेला. मी खुर्चीतून येणाऱ्या आवाजाची वाट बघत होते, तो आला नाही; चाल वळली, उतरली, आणि शेवटच्या झटक्यासह जिथे थांबायची तिथे थांबली. जमलं होतं! शाळकरी पोरीसारखं मी दादाकडे पाहिलं.

तो मांडीवरच्या आपल्या हाताकडे बघत होता.

"बरोबर वाजवलंस," तो म्हणाला. "तू चुकायचीस ना, तेव्हा आतल्या आत मी वाजवत असायचो. बोटं, पिक, सगळं. आज मी नुसता ऐकत होतो."

इतके महिने मी माझ्या चुकांना शिव्या घातल्या होत्या. मांडीवरची गिटार एकाएकी जड वाटू लागली. ती खाली ठेवावी की धरून बसावं ते कळेना.

"दुसरी शिकव की," मी घाईने म्हटलं. "याहून अवघड असेल ती. मला मुळीच जमणार नाही अशी."

दादा हसला. थरथरता हात त्याने माझ्या डोक्यावर ठेवला.

"तीही येईल गो तुला."