मध्यंतरानंतरची गोष्ट

आमच्या कचेरीतले एक कारकून झाईहून यायचे. आमच्या मसोली गावच्या तंबूतला एकही सिनेमा त्यांनी सोडला नाही आणि एकही पुरा पाहिला नाही, कारण झाईची शेवटची बस मध्यंतरातच सुटायची. दुसऱ्या दिवशी चहाला मात्र ते शेवटासकट गोष्ट सांगत.

"हिरॉइन बरी होते हो! इतकं गोड गाणारी बाई कधी मरते का?"

ती मेलेली आम्ही सगळ्यांनी आदल्या दिवशीच पाहिली होती. माझी बायको तर घरी येऊन जेवलीसुद्धा नव्हती. तरी आम्ही माना डोलावत चहा संपवला.

संध्याकाळी मी बायकोला म्हटलं, "आमचे झाईवाले सांगतात, ती बरी झाली."

"बरं झालं बाई," म्हणत ती तेच गाणं गुणगुणत भाकऱ्या थापायला बसली.