झुलीतले दफेदार

दफेदारांनी घोड्यावर कधी हात उगारला नाही. ती सगळी हौस ते माणसांवर भागवून घेत. कलकत्त्यात बालीगंजच्या तबेल्यात मी घोड्यांचा डॉक्टर म्हणून रुजू झालो, त्या सकाळी त्यांनी माझ्याकडे डोक्यापासून पायापर्यंत एकदा पाहिलं, तागाची एक जाड झूल उचलली आणि माझ्या पाठीवर टाकली. छातीवरचं बक्कल लावलं, पोटाचा तंग आवळला, मागचे दोन पट्टे माझ्या मांड्यांमधून घेऊन अडकवले आणि म्हणाले, "आता त्या हौदापर्यंत जाऊन या, डॉक्टर." मी पाचव्या पावलाला तोंडावर आपटलो. घोड्यांची निगा राखणारे सईस हसले. दफेदार हसले नाहीत. "घोड्याला हे रोज घालतात," ते म्हणाले, "आणि त्याला आधी कुणी विचारत नाही." मग मला तसाच जमिनीवर सोडून ते दाणा मोजायला निघून गेले.

मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. देश स्वतंत्र होऊन दोन-तीन वर्षं झाली होती आणि साहेबलोक एकेक करून बंगले विकत होते. आमचा तबेलाही असाच एका साहेबाकडून तागाची दलाली करणाऱ्या शेटजींनी घेतला होता. बारा घोडे, सहा सईस आणि दफेदार, सगळं एका रकमेत. दफेदार मूळचे सातारकडचे. घोडदळात वीस वर्षं काढलेली, दफेदार हा तिथलाच हुद्दा. पलटणीतले घोडे जाऊन तिथं मोटारी आल्या, तेव्हा ते त्या साहेबाबरोबर कलकत्त्याला आले. त्यांचं नाव मला दुसऱ्या वर्षी कळलं, आणि ते वापरण्याची हिंमत मला कधीच झाली नाही.

मला वाटलं होतं, परमुलखात एक मराठी माणूस भेटला, जरा जिव्हाळा होईल. आमचं घराणं आजोबांपासून कलकत्त्यातलं. घरात मराठी होतं, पण त्याला बंगालीची लकब लागलेली. माझी दोन वाक्यं ऐकून दफेदार म्हणाले, "हे तुम्ही घोड्यांशी बोला. ते समजून घेतील." पुढची तीन वर्षं ते माझ्याशी बोलले, त्यातलं निम्मं अशाच चालीचं होतं. गंमत म्हणजे ते मला अखेरपर्यंत 'तुम्ही' म्हणत. इतक्या अदबीनं अपमान करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

घोड्याला झूल सोसायला शिकवणं, हे त्यांचं खरं काम. कलकत्त्याची थंडी ती काय, असं बाहेरचे म्हणतात. पण पौषात मैदानावर पहाटेचं दव पडतं, आणि अंगावरचे केस कातरलेला घोडा त्यात उघडा सोडला की आठवड्यात खोकायला लागतो. म्हणून झूल घालूनच घोडे चरायला सोडायचे. दफेदारांची रीत अशी की, नवी झूल आधी आठ दिवस ते स्वतः पांघरत. ऐन ऑक्टोबरच्या घामात, भर दुपारी, ते तागाची झूल अंगावर घेऊन फाटकाजवळच्या बाकावर बसत आणि गावाकडून आलेली पत्रं वाचत. रस्त्यानं जाणारे बंगाली बाबू थांबून बघत. घोड्याला ओळखीचा वास आला पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं. आठ दिवसांनी त्या झुलीला दफेदारांचा जो वास येई तो मला आजही सांगता येणार नाही, पण घोडे त्यात नाक खुपसत.

मग बक्कल. दाण्याच्या घमेल्याशेजारी उभं राहून ते पितळी बक्कल वाजवत. आधी आवाज, मग मूठभर हरभरे. पुन्हा आवाज, पुन्हा हरभरे. मग झूल चौघडी करून पाठीवर, मग एकेक घडी उलगडायची. घालताना आधी छातीचं बक्कल, मग तंग, शेवटी मागचे पट्टे. काढताना बरोबर उलटं. छातीचं आधी सोडलं आणि घोडा दचकला, तर झूल मागं घसरते, मागचे पाय पट्ट्यांत अडकतात, आणि घोडा ती फरपटत उधळतो. हा क्रम तबेल्यात लहानमोठ्या सगळ्यांना पाठ होता.

तरी जगदेव सईस एकदा चुकला. चाळिशीचा, पोराबाळांचा माणूस. घोड्याला काही झालं नाही, पण दफेदारांनी जगदेवला वैशाखातल्या दुपारी झुलीत आवळलं, अंगणाच्या मधोमध उभं केलं आणि त्याचं जेवण चार पावलांवर ठेवलं. हात आत बांधलेले. तेवढ्यात त्याची बायको डबा न्यायला आली. ती फाटकाशी उभी राहिली, पदर तोंडाशी धरून, आणि जगदेव तिच्याकडे न बघण्याचा प्रयत्न करत होता. दफेदार तिला म्हणाले, "बैठो बाई, इसका खाना अभी बाकी है." मी हसलो. सगळे हसले म्हणून हसलो, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत होतो. खरं तर मला मजा वाटली होती. आपण सोडून दुसरं कुणीतरी झुलीत आहे, याची.

मैना आली ती त्याच वर्षी. शेटजींनी ती मुलीच्या रपेटीसाठी घेतली होती. काळसर तपकिरी, लहान चणीची, डोळे मोठे. तिच्या मागच्या पायांवर पट्ट्यांचे जुने वण होते. कुणीतरी कधीतरी तिच्यावरची झूल घसरू दिली होती. बक्कल वाजलं की ती भिंतीला जाऊन चिकटे आणि थरथरे. शेटजी आठवडाभर बघत होते. मग म्हणाले, पौष सरेपर्यंत ही झूल घालून मैदानात जाईल तर ठीक, नाहीतर भाड्याच्या घोडागाडीवाल्याला देऊन टाकू. भाड्याच्या गाडीला जुंपलेला घोडा कलकत्त्यात किती दिवस उभा राहतो, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

दफेदारांनी अडीच महिने दुसरं काही केलं नाही. झूल आठ दिवसांऐवजी वीस दिवस पांघरली. ताप अंगावर असतानाही उतरवली नाही. मैनेच्या ठाणात तिच्याकडे पाठ करून बसत; ती येऊन झूल हुंगे, ते हलत नसत. मी विचारलं, "आज घालून बघायची का?" तर म्हणाले, "अजून तिनं विचारलं नाही." मला शेजारी उभा करून त्यांनी एकेक गोष्ट शिकवली. हात कुठं ठेवायचा, पट्टा ओढताना श्वास कसा सोडायचा. चुकलो की कोपरानं बरगडीत ढोसत, मैनेला आवाज जाऊ नये म्हणून. माझी डावी बरगडी त्या हिवाळ्यात काळीनिळी होती. एके सकाळी मैनेनं मागचे दोन्ही पट्टे लावून घेतले आणि शांतपणे मैदानात चालत गेली. दफेदारांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. क्षणभरच. मग तो हात विजारीला पुसला. मला भरून आलं होतं, हे मी कुणाला सांगितलं नाही.

संक्रांतीच्या आसपास त्यांचा भाऊ वारल्याची तार आली. जाताना त्यांनी मैनेची झूल माझ्या हातात दिली. "जगदेवच्या हाताला घाई आहे. तुम्ही घाला. रोज घाला, एक दिवस खंड पडू देऊ नका." दिवस करून, जाऊन-येऊन पंधरा दिवस. त्या पंधरा दिवसांत तबेल्यात गजकर्ण शिरलं. सात घोड्यांच्या अंगावर गोल चट्टे उठले. मैनेच्या अंगावर नव्हतं, पण मी कॉलेजात पहिला आलेला डॉक्टर होतो, आणि अशा वेळी काय करायचं ते मला चांगलं माहीत होतं. तबेल्यातली झाडून सगळी कापडं, बाराच्या बारा झुली, सोडा घालून उकळायला लावल्या आणि फिनाइलमधून काढल्या. जगदेव म्हणाला, "डाक्टरबाबू, मैना का झूल रहने दीजिए." मी म्हटलं, रोग घोड्याचं नाव विचारून येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती झूल मैनेवर घातली. तिनं कान मागं टाकले, नाकपुड्या फुगवल्या. मला वाटलं थंडी आहे. क्रम मी अगदी बरोबर पाळला. छाती, तंग, मागचे पट्टे. उकळून ताग आखडला होता, पट्टे आवळून बसले. मी ते ओढून लावले, कारण एक दिवस खंड पडू द्यायचा नव्हता. मैदानात सोडल्याबरोबर ती उधळली. आपल्या अंगावर काय बसलंय हे तिला कळेना. कुंपणाशी छातीचं बक्कल तुटलं, झूल मागं घसरली, आणि मागचा पाय पट्ट्यासकट कुंपणाच्या दांड्यांत गेला. हाड मोडल्याचा आवाज मला पन्नास पावलांवर आला. गोळी मलाच घालावी लागली. पहिली नीट बसली नाही, म्हणून दोन लागल्या.

दफेदार तिसऱ्या दिवशी आले. डोक्याचे केस काढलेले, हातात पत्र्याची पेटी. ते मैनेच्या ठाणासमोर उभे राहिले, बाहेर टांगलेल्या एका झुलीचं टोक उचलून हुंगलं, आणि त्यांना सगळं कळलं. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तेवढ्यात शेटजींची मोटार आली. शेटजी तीन दिवस याच प्रश्नावर होते, आणि मी तीन दिवस गुळमुळीत उत्तरं देत होतो. "झूल किसने उबलवाई?" त्यांनी सगळ्यांना उभं करून विचारलं. जगदेवनं माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं होतं, असं मला वाटतं. पण दफेदार आधी बोलले. "हम बोलके गये थे, हुजूर. डॉक्टर का कसूर नहीं." शेटजींनी त्यांना दुपारपर्यंत निघायला सांगितलं. मला लाज वाटली, आणि त्याहून कितीतरी जास्त, सुटल्यासारखं वाटलं.

फाटकापर्यंत मी त्यांच्यामागून गेलो. पेटी घ्यायला हात पुढं केला, तो त्यांनी झिडकारला. "दफेदार," मी म्हणालो, "तुम्ही माझ्यासाठी इतकं…"

ते थांबले. परत आल्यापासून पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहत म्हणाले, "तुमच्यासाठी? तुम्हाला तर मी त्या कुंपणाला बांधून मारलं असतं. आत सात घोडे गजकर्णानं खाजवतायत. दफेदार उद्या दुसरा मिळेल. डॉक्टर शोधायला शेटजींना महिना लागेल, तोवर घोडे रक्तबंबाळ होतील. जा, मलम लावा त्यांना."

मी परत फिरलो आणि मलम लावलं. सातही घोडे महिन्याभरात बरे झाले. शेटजींनी सगळ्या सईसांसमोर माझी पाठ थोपटली आणि म्हणाले, दफेदाराच्या चुकीतून तबेला डॉक्टरांनी वाचवला. जगदेव माझ्या शेजारीच उभा होता. मी तेव्हाही काही बोललो नाही.